डॉर्ड्रेख्तच्या चित्रकाराचा बटाव्हिया : एका वलंदेज व्यक्तिचित्राची चिकित्सा

अ‍ॅम्स्टरडॅम येथील राइक्सम्युझियम या संग्रहालयात वलंदेज ईस्ट इंडिया कंपनीच्या एका वरिष्ठ व्यापाऱ्याचे सपत्नीक चित्र आहे. चित्र कापडावर तैलरंगांत रंगविलेले असून त्याची रुंदी उंचीच्या सुमारे दीडपट आहे. काळ सतराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा होय. पतिपत्नी गडद वस्त्रे परिधान करून उभी आहेत. पुरुष हातातील काठीने समुद्रात नांगरलेल्या जहाजांकडे निर्देश करीत आहे. मागे बटाव्हियाचा किल्ला दिसतो. आणि या दोघांच्या पाठीशी एक सावळा सेवक त्यांच्यावर छत्री धरून उभा आहे. चित्र आल्बर्ट कॉइप याचे मानले जाते. व्यापारी कोण, याविषयी याकोब माथ्यूसन हे नाव पुढे करण्यात येते. परंतु ती ओळख संभाव्य या कोटीतीलच समजावयास हवी.

वलंदेजांच्या पूर्वेकडील कारभाराचे वर्णन करणाऱ्या ग्रंथांतून हे चित्र वारंवार छापले जाते, आणि ते बहुधा बटाव्हियाचे प्रत्यक्ष दर्शन म्हणून. आमचा आक्षेप आहे तो येथेच. चित्र पुरावा म्हणून पुढे आले की कागदाला जे प्रश्न विचारावयाचे तेच त्यालाही विचारले पाहिजेत : लिहिणारा कोण, तो कोठे होता, त्याने स्वतः काय पाहिले व काय ऐकले?

कॉइप हा डॉर्ड्रेख्तचा. त्याचा जन्म तेथे १६२० साली झाला व मृत्यूही तेथेच १६९१ साली. पिता याकोब गेरिट्स कॉइप हा त्याच नगरातील नावाजलेला व्यक्तिचित्रकार होता. मुलाची कीर्ती मात्र झाली ती नदीकाठची गुरे, घोडेस्वार आणि मास नदीच्या पाण्यावर पडलेला सोनेरी उजेड यांच्या चित्रांमुळे. १६५८ साली एका श्रीमंत विधवेशी विवाह झाल्यानंतर त्याचे चित्रकर्म जवळजवळ थांबले आणि तो आपल्या चर्चच्या कारभारात रमला. (पुढे अठराव्या शतकात इंग्रज उमरावांना त्याच्या चित्रांचे असे वेड लागले की त्यांचा मोठा भाग समुद्रापलीकडे गेला.) अशा या गृहस्थाच्या चरित्रात आशियाच्या प्रवासाला जागाच नाही. त्याचे नगरही कंपनीच्या दृष्टीने आडबाजूचे. १६०२ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या सहा शाखा अ‍ॅम्स्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न व एन्खाउझेन येथे होत्या. डॉर्ड्रेख्त त्यांत नव्हते. त्याचा पिढीजात व्यापार ऱ्हाइन नदीतून येणाऱ्या मद्याचा व लाकडाचा.

हे ध्यानात घेऊन चित्र पुन्हा पाहावे. मुखे, वस्त्रे, उभे राहण्याची ऐट हा भाग पित्याच्या हाताखाली शिकलेल्या मनुष्याचा आहे. त्यात सरावाची खात्री दिसते, क्वचित सरावाचा ताठरपणाही. जहाजे चांगली उतरली आहेत. नदीबंदरात वाढलेल्या चित्रकाराला शिडे, डोलकाठ्या व पाण्यावर डुलणारे लाकडी अंग कोणी शिकवावयास नको. पण किनारा, किल्ला आणि आकाश यांकडे वळताच हात सैल पडतो. जावा बेटावरील मध्यान्हीची प्रखरता येथे कोठेही जाणवत नाही. ऊन मास नदीकाठचेच आहे. १६१९ साली यान पीटर्सझोन कून याने जाकात्रा जिंकून वसविलेले ते नगर कॉइपने इतरांच्या रेखाटनांवरून किंवा गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून उभे केले असले पाहिजे. ते भूमीचे चित्र नव्हे, व्यापाऱ्याच्या पार्श्वभूमीला आवश्यक असलेली खूण आहे.

तो काठीचा निर्देश तर फारच बोलका आहे. घरच्या कुरणाकडे किंवा गढीकडे बोट दाखविणारा जमीनदार आपण अनेक चित्रांत पाहतो. येथे तोच आविर्भाव आहे. मात्र दाखविलेली वस्तू दाखविणाऱ्याच्या मालकीची नाही. ती जहाजे मसाले, मिरी व कापड घेऊन मायदेशी परतणाऱ्या आरमाराची, म्हणजे कंपनीची. वरिष्ठ व्यापारी हा तिचा पगारी नोकर होता. नोकरांनी खासगी व्यापार करू नये असा कंपनीचा दंडक होता आणि तो सर्रास मोडला जाई. मालकाच्या संपत्तीकडे काठी दाखवून स्वतःचे वैभव सांगणारा हा पुरुष कंपनीच्या हिशेबवह्यांत न मावणारी गोष्ट सांगून जातो. हे ज्ञापन चित्रकाराने बुद्ध्या केले असे आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाइकाने मागितले आणि त्याने रंगविले.

आता छत्री. पाश्चात्त्य प्रेक्षकास ती उन्हाची सोय वाटण्याचा संभव आहे. छत्र, चामर, अब्दागीर यांचे मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांस हे समजावून सांगण्याचे कारण नाही. ज्या भाषेत राजाला छत्रपती म्हणतात, त्या भाषेच्या वाचकाला कोणाच्या मस्तकावर कोणी छाया धरली हा प्रश्न मानाचा आहे, हे तत्काळ कळते. जावा बेटावरील राजदरबारांतही छत्रीच्या रंगांवरून धारकाचा दर्जा ओळखला जाई. कंपनीच्या नोकरांनी हे चिन्ह उचलले आणि ते इतके माजले की गव्हर्नर-जनरल याकोब मॉसेल याला १७५४ साली डामडौल आवरण्याचे नियम काढून कोणत्या हुद्द्याने कोणती छत्री, कोणती गाडी व कोणती वस्त्रे वापरावीत हे ठरवून द्यावे लागले. कॉइपचे चित्र त्या नियमांच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे आहे. डॉर्ड्रेख्तमध्ये बसलेल्या चित्रकाराला या चिन्हाचा अर्थ ठाऊक नसेलही, गिऱ्हाइकाला होता. चित्रातील पूर्वेकडील एकमेव अस्सल साक्ष आमच्या मते ही होय. तिची अस्सलता चित्रकाराच्या निरीक्षणात नाही, चित्र काढवून घेणाऱ्याच्या हट्टात आहे.

ती छत्री धरणारा कोण? व्यापाऱ्याच्या नावासाठी विद्वानांनी कंपनीची दप्तरे धुंडाळली. मागच्या मनुष्याला नाव असावे अशी कल्पनाही चित्र करू देत नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बटाव्हियात आणलेल्या गुलामांपैकी पुष्कळ जण चोलमंडल, मलबार, बंगाल व आराकान या किनाऱ्यांवरून नेलेले असत. म्हणून या सेवकास हिंदी ठरविण्याचा मोह होईल, तो आवरावा. वर्णावरून देश ओळखता येत नाही, आणि कॉइपसमोर नमुना म्हणून डॉर्ड्रेख्तमधीलच कोणी उभा असणे अशक्य नाही. इतके मात्र निश्चित की त्या घराच्या वैभवाच्या यादीत हा मनुष्य छत्रीबरोबर मोजला गेला आहे. वलंदेजांच्या पूर्वेकडील मुलखात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८६० साली; आणि याच संग्रहालयाने त्या विषयाचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले ते २०२१ साली.

कोकणच्या इतिहासाशीही बटाव्हियाच्या जहाजांचा संबंध पोचतो. १६३६ पासून १६४४ पर्यंत वलंदेजांची आरमारे वर्षानुवर्षे गोव्याची नाकेबंदी करीत होती, आणि त्यांच्या सोयीसाठी आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याची वखार १६३७ साली उभी राहिली. चित्रात शांतपणे नांगरून पडलेली जहाजे कोणत्या कामाला जुंपली जात, हे आमच्या किनाऱ्याने पाहिले आहे. चित्रात तोफेचा धूर नाही. व्यक्तिचित्रात तो कोण मागेल?

शेवटी एका तुलनेचा निर्देश करणे अवश्य आहे. शिवछत्रपतींचे चित्र ज्या वलंदेज ग्रंथात छापले आहे, त्याचा कर्ता फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन हा १६६६ साली डॉर्ड्रेख्तमध्येच जन्मला, आणि १७२४ ते १७२६ या काळात त्याचा ग्रंथ डॉर्ड्रेख्त व अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. तेथील खोदकाम करणाऱ्यानेही महाराजांना पाहिले नव्हते. मग एक चित्र स्वीकारून दुसऱ्यावर आक्षेप का? भेद मूळ प्रतीचा आहे. दक्षिणेतील चित्रकारांनी काढलेली राजपुरुषांची लघुचित्रे वलंदेज व्यापारी विकत घेऊन मायदेशी नेत. अशा चित्रांच्या आधाराने झालेल्या खोदकामामागे इथल्या मनुष्याची नजर उभी असते. कॉइपच्या किल्ल्यामागे कोणाची नजर आहे, हे मूळ रेखाटन हाती येईतो ठरत नाही. तोवर या चित्रातून कंपनीच्या नोकराची हौस, वस्त्रे व मानचिन्हे यांविषयी खुशाल अनुमाने काढावीत. किल्ल्याचे बुरूज व तटाची मांडणी यांसाठी नकाशे आणि कंपनीची दप्तरे पाहावीत.