कॉमन मॅन आणि स्रुलिक

आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला दोन व्यंगचित्रकार आले. मुंबईत ‘टाइम्स’मधले आर. के. लक्ष्मण, आणि इकडे हिब्रू वाचता येऊ लागल्यावर ‘मआरीव’मधले दोश. दोघांचाही जन्म १९२१ चा. एकाचा म्हैसूरला, दुसऱ्याचा बुडापेस्टला. लक्ष्मणांचा कॉमन मॅन १९५१ पासूनचा, दोश यांचा स्रुलिक १९५६ चा. त्यांची जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर सरकारी उधळपट्टी आणि कर या विषयात आम्हाला लक्ष्मणांचे पारडे जड वाटते.

कॉमन मॅन कसा, तर चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलावर उरलेले चार केस. तो कधीच बोलत नाही. बोलतात ते मंत्री, अधिकारी, फार तर त्याची बायको. मंत्री काटकसरीचा उपदेश करतो आणि त्याच वाक्याने स्वतः उघडा पडतो. चित्रकाराला वेगळी शिवी द्यावी लागत नाही. १९७३-७४ साली भारतात प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. या गृहस्थाचा त्याच्याशी काय संबंध? तो काडेपेटी, साखर, चहा घेताना अबकारी कर भरत होता, किमतीत मिसळलेला. कर दिसत नव्हता, रस्त्यावरचा खड्डा मात्र दिसत होता. लक्ष्मणांनी नेमका तो खड्डा काढला, पुन्हा पुन्हा काढला. (फारच वेळा, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही.)

स्रुलिक वेगळा. कोवा तेंबेल, अर्धी चड्डी, सँडल, हसरा तरुण चेहरा. दोश होलोकॉस्टमधून वाचून आलेले. ज्या युरोपने यहुद्याचे चित्र विद्रूप केले, त्याला हा देखणा पोरगा म्हणजे चोख उत्तर होते. त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण स्रुलिक म्हणजे देशच. परक्या सत्तांपुढे तो छान उभा राहतो. कर लावणाराही तोच आणि भरणाराही तोच झाला, की टोला बसायचा कोणाला? मआम १९७६ मध्ये ८ टक्क्यांनी सुरू झाला, आज तो १८ टक्के आहे. दिमोनाच्या किंवा लोदच्या दुकानात तो मोजून देणारी आपली बाई आम्हाला स्रुलिकच्या चेहऱ्यात कधी सापडली नाही. ‘हाआरेत्स’मधले झेएव थेट पुढाऱ्यांचेच चेहरे काढीत, म्हणून या विषयात ते दोश यांच्यापेक्षा अधिक बोचतात.

कॉमन मॅनही बेने इस्राएल नव्हता, हे खरे. पण सरकारी खिडकीबाहेर कागद हातात धरून, भाषा अर्धी समजत असताना आपण जसे उभे राहिलो, तसा तो उभा असतो. आमची एकच तक्रार आहे. तो इतकी वर्षे नुसता पाहत राहिला, आणि पाहणारेही हसून पान उलटू लागले.

लक्ष्मणांच्या चित्रांचे संग्रह इंग्रजीत निघालेले आहेत. घरी एखादा असेल तर नातवंडांना दाखवताना खालची ओळ आधी बोटाने झाका, आणि चित्रात पैसा कोणाचा गेला ते विचारा.