अपेक्षाभंग आणि पुनर्रचना : निराश रसिकाच्या पुनर्लेखनाचे टीकामूल्य

१

कलाकृतीने अपेक्षाभंग केला असता रसिकापुढे सामान्यतः दोन मार्ग असतात. त्याने ती कृती बाजूस सारावी, अथवा तिच्यातील दोष सांगावेत. पहिला मार्ग सामान्य वाचकाचा व दुसरा टीकाकाराचा. यांहून निराळा असा तिसरा मार्ग विरळा आहे आणि साहित्यविचारात त्याची दखल त्या मानाने कमीच घेतली गेली आहे. ज्या कृतीने निराश केले तीच हाती घेऊन ती कशी असावयास हवी होती हे प्रत्यक्ष करून दाखविणे, हा तो मार्ग होय. उदासीन वाचक या वाटेस जात नाही. ज्याचे त्या कृतीवर प्रेम आहे आणि म्हणूनच जो तिच्यावर रुष्ट आहे, तोच एवढे श्रम घेतो.

या प्रकाराचे अलीकडील ठळक उदाहरण चित्रपटसृष्टीत आढळते. जॉर्ज ल्यूकस या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'स्टार वॉर्स' या विज्ञानकल्पित चित्रपटमालेची मूळ त्रयी १९७७, १९८० व १९८३ या वर्षी आली. तिचा पूर्ववृत्तान्त सांगणारी दुसरी त्रयी १९९९, २००२ व २००५ या वर्षी आली आणि जुन्या चाहत्यांपैकी पुष्कळांची तिने घोर निराशा केली. या निराशेतून रसिकांनी त्या त्रयीची पुन्हा मांडणी करण्याचे अनेक प्रयत्न केले. हा व्यापार वरवर पाहता परका व केवळ यंत्रयुगातला वाटेल. परंतु त्यामागील मनोव्यापार मराठीस अपरिचित नाही. किंबहुना त्याचा एक अत्यंत शुद्ध नमुना वर्धा जिल्ह्यातच घडलेला आहे. प्रथम त्या नमुन्याचे स्वरूप पाहून मग चित्रपटत्रयीकडे वळणे युक्त होईल.

२

विनोबा भावे यांनी आपल्या आईच्या आठवणींत 'गीताई'चा उगम सांगितला आहे. रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यावयाची होती; संस्कृत समजत नव्हते. मुलाने आणलेले गद्य भाषांतर त्यांच्या मनास आले नाही, त्यांना पद्य हवे होते. तेव्हा वामन पंडितांची समश्लोकी आणली गेली. तीही त्यांना कठीण गेली. याहून सोपे उपलब्ध नाही असे मुलाने सांगताच, मग तूच का करीत नाहीस, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. रुक्मिणीबाई १९१८ मध्ये निवर्तल्या. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यास आश्रम चालविण्यासाठी आले. आणि ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभिलेले गीताईचे लेखन ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या वृत्तान्तातील तीन गोष्टी टीकेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, अपेक्षाभंगाचे स्थान येथे अचूक निश्चित झालेले आहे. रुक्मिणीबाईंची तक्रार गीतेविषयी नव्हती, गीता त्यांच्यापर्यंत आणून पोचविणाऱ्या वाहनाविषयी होती. दुसरी गोष्ट, मागणी व पूर्ती यांत दीर्घ काळ गेला. निराशेच्या पहिल्या आवेगात लेखणी उचलली गेली नाही. तिसरी गोष्ट, पुनर्लेखकाने स्वतःवर मूळ कृतीचेच बंधन घालून घेतले. श्लोकास श्लोक ही मर्यादा त्यांनी पाळली. शब्द सोपे केले, पण आशय पातळ केला नाही. आज वर्ध्याजवळ गोपुरी येथील गीताई मंदिरात हे सर्व श्लोक शिलांवर कोरलेले पाहावयास मिळतात. १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या त्या शिलापंक्तीच्या मुळाशी एका गृहिणीचे वाचकसुलभ असमाधान आहे, याचे भान तेथे जाणाऱ्या अभ्यासकाने ठेवावयास हवे.

३

तथापि प्रत्येक अपेक्षाभंग एकाच जातीचा नसतो, आणि म्हणून त्यावरील उपायही एकच असू शकत नाही. मराठी परंपरेतील आणखी दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो.

ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढील सुमारे तीनशे वर्षांच्या नकलांत तिच्यात पाठभेद व भर शिरली. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये ती शुद्ध केली आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद ग्रंथान्ती दिली. येथे निराशेचे कारण मूळ कृती नसून तिच्यावर चढलेली पुटे हे होते. म्हणून उपाय शोधनाचा. स्वतः समर्थ कवी असूनही एकनाथांनी येथे आपले कवित्व आवरून धरले.

याच एकनाथांनी १५७१ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले तेव्हा मात्र त्यांची भूमिका अगदी उलट होती. भागवताच्या दशम स्कंधात हे आख्यान अवघ्या तीन अध्यायांत आटोपते. मूळ कथेत न्यून नाही, पण जेथे श्रोत्याचे मन रेंगाळू इच्छिते तेथे ती पुढे निघून जाते. वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, आर्वी तालुक्याच्या समोर असलेले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. या विदर्भकन्येची कथा महदंबेच्या धवळ्यांत, नरेंद्राच्या काव्यात व पुढे एकनाथांच्या ग्रंथात पुनःपुन्हा विस्तारत गेली. भागवताने जेथे मौन पाळले तेथे मराठी कवींनी वधूचे मन, तिची भीती, लग्नघरातील लगबग यांची भर घातली.

एकाच लेखकाच्या हातून एका ग्रंथात सक्त शोधन व दुसऱ्यात मुक्त भर, हे विसंगत नाही. रोग ओळखून औषध देण्याचाच हा प्रकार आहे. सारांश, पुनर्रचनेस हात घालण्यापूर्वी निराशेचे निदान झाले पाहिजे. मलिनता असल्यास शोधन, अतिरेक असल्यास छाटणी, अभाव असल्यास भर, आणि दुर्बोधता असल्यास नवे रूप, अशी ही चतुर्विध व्यवस्था सांगता येते.

४

आता चित्रपटत्रयीकडे वळता येईल. शोधनाचे उदाहरण या मालेतही आहे. १९९७ मध्ये ल्यूकसने आपल्याच मूळ चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या काढून त्यांत फेरफार केले. एका प्रसंगात हॅन सोलो हे पात्र प्रतिस्पर्ध्यावर प्रथम गोळी झाडते असे १९७७ मध्ये दाखविले होते. नव्या आवृत्तीत प्रतिस्पर्ध्याने आधी झाडली असे दाखविले गेले. एका क्षणाच्या या बदलाने पात्राचा बेदरकारपणा व त्यामुळे पुढील परिवर्तनाचा अर्थ उणावला. काही चाहत्यांनी उपलब्ध प्रतींवरून १९७७ चा पाठ पुन्हा जुळविला. येथे भर घालणारा त्रयस्थ नसून स्वतः कर्ताच होता, एवढा एकनाथांच्या कार्याहून फरक आहे. पण पाठाशी निष्ठा तीच.

दुसऱ्या त्रयीविषयीचे प्रयत्न मुख्यत्वे छाटणीचे आहेत. पहिल्या चित्रपटाची 'द फँटम एडिट' ही रसिक-आवृत्ती २००१ च्या सुमारास प्रथम निनावी फिरू लागली. पुढे मायकेल निकोल्स या संकलकाने तिचे कर्तृत्व स्वीकारले. त्याने सव्वादोन तासांचा चित्रपट दोन तासांच्या आत आणला, जार जार बिंक्स या विदूषकी पात्राचा वावर कमी केला, पाल्हाळिक संवाद कापले. २०१२ मध्ये टोफर ग्रेस या अभिनेत्याने तिन्ही चित्रपट मिळून सुमारे ८५ मिनिटांची एकच आवृत्ती जुळविली आणि ती निमंत्रितांस दाखविली. तीत पहिला चित्रपट जवळजवळ सर्वस्वी गळाला होता.

या आवृत्त्यांनी गतीचा प्रश्न पुष्कळसा सोडविला यात शंका नाही. परंतु त्रयीचे मुख्य दुखणे अतिरेकाचे आहे काय, हा खरा प्रश्न होय. ॲनाकिन या गुणी मुलाचे एका क्रूरकर्म्यात रूपांतर कसे झाले, हा या कथेचा गाभा. पहिल्या चित्रपटात तो नऊ वर्षांचा निष्पाप बालक आहे. त्यामुळे अधःपाताच्या कथेचा एक तृतीयांश भाग अधःपाताविनाच सरतो. दुसऱ्या चित्रपटात आईच्या मृत्यूनंतर तो एका टोळीची स्त्री-मुलांसह कत्तल करतो. बीज येथे पडते. पण या कृत्याचा त्याच्या अंतरंगात पुढे काय परिपाक झाला हे दाखविले जात नाही. तिसऱ्यात पत्नीच्या मृत्यूच्या भयाने तो एकाएकी पलीकडच्या पक्षास मिळतो. हा दोष अभावाचा आहे. कात्रीला नको ते काढून टाकता येते; जे चित्रित झालेच नाही ते तिला निर्माण करता येत नाही. नरेंद्राला रुक्मिणीच्या मनात शिरण्यासाठी केवळ लेखणी पुरली. रसिक-संकलकास मात्र दुसऱ्याने टिपलेल्या प्रतिमांच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणून या त्रयीची समाधानकारक पुनर्रचना संकलनाच्या मेजावर होणे कठीण. ती कागदावर, नव्या पटकथेच्या रूपानेच संभवते.

छाटणीचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. चाहत्यांचा सर्वाधिक राग दोन गोष्टींवर होता : जार जार बिंक्स आणि लोकसभेतील लांबलचक राजकीय चर्चा. पहिल्या त्रयीतील धाडसाची गोडी ज्यांना लागली होती त्यांना कर आणि ठराव यांत रस वाटला नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु या त्रयीतील खरोखर स्वतंत्र कल्पना याच चर्चांत आहे. येथील प्रजासत्ताक परचक्राने कोसळत नाही. ते रीतसर मतदानाने आपले स्वातंत्र्य एका माणसाच्या हाती देते, आणि साम्राज्याची घोषणा सभागृहाच्या टाळ्यांत होते. दुसऱ्या चित्रपटात या माणसाला विशेषाधिकार द्यावेत असा प्रस्ताव मांडणारा कोण? तोच भोळा जार जार. ज्याला प्रेक्षक हसले वा ज्याच्यावर चिडले, त्या निरुपद्रवी प्राण्याच्याच हातून लोकसत्तेचा घात होतो. कल्पना उत्तम आहे. अंमलबजावणी दुबळी आहे. पात्र उपद्रवी वाटते म्हणून त्यास कापून काढणारा रसिक त्रयीतील सर्वांत कडवट उपरोधही सोबत कापतो. तो कृती सुधारत नाही. १९७७ मधील स्वतःचे बालपण परत मागतो.

अपेक्षाभंगाचे स्थान कृतीत आहे की रसिकाच्या स्मृतीत, हा विवेक येथे सुटलेला दिसतो. रुक्मिणीबाईंच्या तक्रारीत तो होता, म्हणूनच तिच्यातून निघालेली कृती टिकली.

५

पुनर्लेखनाची शिस्त कशी असावी याचा एक धडा मराठी विज्ञानकथेतच मिळतो. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत मराठी मनास सर्वाधिक सलणारा पराभव, १७६१ चे पानिपत, बदलला आहे. इतिहास हाच येथे निराश करणारा ग्रंथ आहे. परंतु नारळीकरांनी शौर्याचे नवे प्रसंग रचले नाहीत, की शत्रूस दुबळे केले नाही. विश्वासरावांना लागणारी एक गोळी चुकते, एवढाच बदल. त्यानंतरचा सारा इतिहास त्या एका बदलाचा परिणाम म्हणून उलगडतो. शिवाय त्या इच्छित जगात गेलेला इतिहासाचा प्राध्यापक तेथे सुखी होत नाही. तेथील लोकांस तो उपराच वाटतो. इच्छापूर्तीची कथा लिहितानाच इच्छापूर्तीवर केलेले हे भाष्य आहे.

यातून निघणारे तत्त्व असे : मूळ कृतीत कमीत कमी बदल करावा, तो कार्यकारणाच्या साखळीतील नेमक्या दुव्यावर करावा, आणि मग त्याचे परिणाम, ते अप्रिय असले तरी, शेवटपर्यंत जाऊ द्यावेत. या कसोटीवर ॲनाकिनची कथा सुधारावयाची तर पहिल्या चित्रपटातील त्याचे वय वाढविणे हा एकच बदल पुष्कळ काही साधेल. तो प्रौढतेच्या उंबरठ्यावर असता तर आईला गुलामीत सोडून जाण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा ठरला असता. तिच्या मृत्यूचे पाप त्याला स्वतःचे वाटले असते. आणि पत्नीविषयीचे भय हे नवे निमित्त न राहता जुन्या अपराधाची पुनरावृत्ती ठरली असती. लोकसभा व जार जार यांना हात लावण्याची गरजही उरली नसती.

६

या विवेचनावरून निराश रसिकाच्या पुनर्लेखनास टीकेचा एक प्रकार म्हणून मान्यता द्यावयास हरकत नाही. मात्र त्यासाठी त्याने काही अटी पाळल्या पाहिजेत. आपली निराशा कोणत्या जातीची हे त्याने आधी ठरवावे. आपला हात कोठे लागला हे उघड ठेवावे. आणि आपल्या कृतीने मूळ कृतीकडे जाण्याची वाट मोकळी करावी, बुजवू नये. गीताई वाचणारा गीतेकडे जातो, एकनाथांची शुद्ध प्रत वाचणारा ज्ञानेश्वरांकडे जातो. ८५ मिनिटांची त्रयी पाहणाऱ्यास मात्र मूळ त्रयी पाहण्याचे कारण उरत नाही. तिच्यातील बरे काय होते हे त्याला कधी कळणारही नाही.

दोष दाखविणाऱ्या टीकेस नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा की, मग तूच का करीत नाहीस? पुष्कळदा तो टीकाकाराचे तोंड बंद करण्यासाठी विचारला जातो. परंतु एका मातेने तो मनापासून विचारला, आणि कित्येक वर्षांनी वर्ध्यात त्याचे उत्तर लिहिले गेले. ज्या टीकेला या प्रश्नासमोर उभे राहण्याची तयारी आहे, तिचे दोषदर्शनही अधिक जबाबदार होते, हे या उदाहरणाचे अभ्यासकांस मिळणारे फलित होय.