गाडी चालू होती

ताम्हिणी घाट, जुलैमधली दुपार. आम्ही पाच जण, एकाच्या काकांची जुनी मारुती, आणि बंद पडलेला वायपर. ब्लोअरही बंद. त्यामुळे काच बाहेरून पावसाने आणि आतून आमच्याच श्वासांनी पांढरी झालेली. दर पाच-सात मिनिटांनी कुणीतरी उतरून काच पुसायची असं ठरलं. हे 'कुणीतरी' कोण, ते मात्र ठरवावं लागलं नाही. ग्रुपमध्ये एक जाडा मित्र होता, तोच उतरायचा. काच पुसून तो दाराकडे वळला की गाडी दहा पावलं पुढे. धावत आला की आणखी दहा. आत आम्ही हसून हसून मेलो होतो. शेवटी धापा टाकत आत बसल्यावर तोही हसला होता.

हे मी साफ विसरलो होतो. गेल्या वर्षी फोनवर एक कथा वाचत होतो, रात्री, लाइट घालवून. तिच्यातला एक जाडा माणूस बर्फातून धापा टाकत सुटलेल्या गाडीमागे धावतो आणि कसाबसा मागच्या फळीला धरून वर चढतो. तिथे मी फोन बाजूला ठेवला.

टोबायस वुल्फची ही कथा, 'हंटर्स इन द स्नो'. १९८१ साली आलेल्या त्याच्या पहिल्या कथासंग्रहात ती आहे. पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा ज्यांना आधी कथा वाचायची आहे त्यांनी इथे थांबावं. कथा छोटी आहे, एका बैठकीत होते.

अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावातून तीन मित्र हरणाच्या शिकारीला निघतात. केनी, फ्रँक आणि टब. 'टब' हे अर्थातच टोपणनाव, आपल्याकडे ढोल्या म्हणतात तसं. आपल्याला हे जग परकं वाटतं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हणजे तुरुंगाची गोष्ट. तिकडे मात्र हंगाम आला की रायफल पाठीला लावून माणूस सकाळी फुटपाथवर मित्रांची वाट बघत उभा राहू शकतो. टब तसाच उभा आहे, बर्फ पडत असताना, तासभर. मित्र उशिरा येतात आणि आल्या आल्या गंमत म्हणून गाडी फुटपाथवर चढवून थेट त्याच्या अंगावर घालतात. तो जीव घेऊन पळतो. ते हसतात. कथा अशी सुरू होते.

आणि मग ती गाडी. कुणा उडाणटप्पू पोरांनी वीट मारून ड्रायव्हरच्या बाजूची पुढची काच फोडली आहे, तिथून वारा आणि बर्फ सरळ आत येतो. हीटर बंद. केनीने आणलेली ब्लँकेटं पांघरून तिघं बसतात. काच बदलून मग जाऊ, असं कुणी म्हणत नाही.

शिकारीच्या गोष्टीत गाडी बिघडली की काय होणार, याचा आपल्याला अंदाज असतो. ती ऐन जंगलात बंद पडणार, रात्र होणार, माणसं अडकणार. वुल्फने हे केलेलं नाही. त्याची गाडी शेवटपर्यंत चालू राहते, आणि सगळा घात त्यात आहे असं मला वाटतं. गाडी रस्त्यात बंद पडली असती तर तिघांना कुणाची तरी मदत मागावी लागली असती. ती चालते. फक्त तिच्यात बसवत नाही. आपण योग्य तेच करतोय, जायचं तिकडेच चाललोय, असं वाटत राहण्यापुरती ती चालते.

दिवसभर हरीण मिळत नाही. टबला कुंपणं ओलांडता येत नाहीत, बाकीचे दोघं थांबत नाहीत. जेवताना तो एक उकडलेलं अंडं आणि सेलरीची एक काडी काढतो. आपलं वजन ग्रंथींच्या दोषामुळे आहे असं तो सांगत आलेला आहे. संध्याकाळकडे केनी वैतागतो. मला हा खांब आवडत नाही म्हणत खांबावर गोळी. मग झाडावर. मग एका शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यावर, आणि ते मरतं. मग तो टबकडे वळून तेच वाक्य म्हणतो. टब गोळी झाडतो. केनीच्या पोटात लागते.

नंतर कळतं की कुत्र्याला मारायला त्या शेतकऱ्यानेच सांगितलं होतं. ते फार थकलं होतं, आणि स्वतः मारायला त्याचा हात उठत नव्हता. म्हणजे केनी मस्करी करत होता. किंवा अर्धी मस्करी. ते आता कधीच कळणार नाही. सकाळपासून त्याने केलेली प्रत्येक गोष्ट मस्करीच होती, त्यामुळे शेवटची मस्करी आहे की नाही हे ओळखायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. ज्या ग्रुपमध्ये सगळंच 'अरे मजा करतोय रे' असतं, तिथे कुणाला खरंच काही म्हणायचं असेल तर कुठल्या शब्दांत म्हणणार? आणि कुणी खरंच घाबरला असेल तर?

इथे माझी एक तक्रार आहे. कुत्र्याचा हा खुलासा फार बरोबर वेळेवर येतो. टबच्या हातातलं 'मी घाबरून केलं' हे कारण काढून घ्यायला लेखक स्वतः आत आल्यासारखा वाटतो. बाकी कथा इतकी ढिली, बोलण्या-बोलण्यातून पुढे सरकणारी आहे की हा खिळा डोळ्यात येतो.

पण तिथून पुढची पानं मला कुठल्याही तक्रारीपलीकडची वाटतात. जखमी केनी गाडीच्या मागच्या उघड्या भागात, ब्लँकेटांत. शेतकऱ्याच्या घरून हॉस्पिटलचा रस्ता लिहून घेतलेला. हे दोघं पुढे, फुटक्या काचेतून येणाऱ्या वाऱ्यात. थंडी सोसवत नाही, म्हणून ते एका बारमध्ये शिरतात, जरा ऊब घ्यायला. बाहेर माणूस रक्त सांडतोय आणि आत दोघं जण आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलतात. फ्रँक सांगतो की तो बायकोला सोडणार आहे, मुलांना सांभाळायला येणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडलाय. मुलगी पंधरा वर्षांची आहे. टब क्षणभर चमकतो, आणि मग मित्राच्या बाजूने उभा राहतो. मित्र म्हणजे कायम आपल्या बाजूने असणारा, अशी त्याची व्याख्या. निघताना रस्ता लिहिलेला कागद टेबलावरच राहतो.

पुढे पुन्हा थंडी, पुन्हा एक हॉटेल. आता टबची पाळी. ग्रंथीबिंथी काही नाही, मी लपून खातो, तो कबूल करतो. फ्रँक त्याच्यासाठी चार प्लेट पॅनकेक मागवतो, लोणी आणि सिरप घालून, आणि समोर बसून खायला लावतो. हा प्रसंग मी चार-पाचदा तरी वाचला असेल. फ्रँक त्याचा अपमान करतोय की लाड, हे दर वेळी बदलतं. दिवसभर ज्याच्या खाण्यावर हसणं चाललं होतं त्याला कुणीतरी उजेडात बसवून पोटभर खाऊ घालतंय. माझे डोळे भरून आले होते. आणि भरून आले तेव्हा मीही केनीला विसरलो होतो. वुल्फने मला तिथे पकडलं.

हल्ली आपण 'नो जजमेंट' म्हणतो. माझे मित्र नॉन-जजमेंटल आहेत, हे मीसुद्धा अभिमानाने सांगितलेलं आहे. या दोघांमधला व्यवहार नेमका तो आहे: तू माझ्या खाण्याला हसू नकोस, मी तुझ्या पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल विचारणार नाही. ती मुलगी कथेत कुठेच येत नाही. तिचं नाव येतं, बस. तिला काय वाटतं हा प्रश्न त्या टेबलावर कुणाला पडत नाही, आणि केनीला किती थंडी वाजत असेल हाही नाही. दोघांच्या मैत्रीची ऊब खरी आहे. तिचं बिल बाहेरचे भरताहेत.

नंतर तर ते केनीवरची ब्लँकेटंही काढून स्वतः घेतात, त्यांचा त्याला तसाही उपयोग नाही म्हणून. ती केनीनेच आणलेली. तो मागे पडून, आपण हॉस्पिटलला चाललोय, असं म्हणत राहतो. आणि निवेदक अगदी शेवटी, सहज आवाजात सांगून टाकतो की तसं नाही, वळण केव्हाच चुकलंय. इतका वेळ निवेदकाला हे माहीत होतं. तो आपल्याबरोबर बारमध्ये बसून गप्पा ऐकत होता.

या शीर्षकावरून ब्रॉयगेलचं त्याच नावाने ओळखलं जाणारं १५६५चं चित्र आठवल्याशिवाय राहत नाही. ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. मी अर्थात फोनवर, बोटांनी मोठं करून पाहिलंय. तीन शिकारी, पाठमोरे, वाकलेले. मागे थकलेली कुत्री. एवढ्या जणांची शिकार म्हणजे भाल्याला लटकलेला एक कोल्हा. डावीकडे एक खानावळ आहे, दारात आग पेटवलेली. खानावळीची पाटी एका आकड्यावरून निसटून वाकडी लोंबतेय, आणि त्या पाटीवर एक संत आणि एक हरीण रंगवलंय. अख्ख्या चित्रात मला तेवढंच एक हरीण सापडलं. शिकारी आगीकडे बघतही नाहीत, खाली गावाकडे चालत राहतात. वुल्फचे शिकारी आगीपाशी थांबतात, दोनदा. त्याने चित्र समोर ठेवून लिहिलं असा माझा दावा नाही, पण दोन्ही शेजारी ठेवली की कथेतली ती दोन हॉटेलं वेगळी दिसतात.

वुल्फला रेमंड कार्व्हर, रिचर्ड फोर्ड यांच्याबरोबर 'डर्टी रिअलिझम'च्या खात्यात टाकलं जातं. १९८३ साली 'ग्रँटा' नियतकालिकाने हा शिक्का मारला आणि तो राहिला. मला तो इथे फारसा कामाचा वाटत नाही. ही कथा मला वास्तववादीपेक्षा फार्ससारखी वाटते. वाचताना हसू येतं, पुन्हा पुन्हा येतं, अगदी गोळी लागल्यावरच्या संवादांतसुद्धा. कार्व्हरमध्ये माणसं गप्प होतात. इथे ती बोलत सुटतात, आणि बोलण्याच्या नादात रस्ता चुकतात.

डिसेंबरमध्ये त्या जाड्या मित्राला फोन केला. तो आता ग्रुपवर नसतो. कधी बाहेर पडला ते आमच्यातल्या कुणाला सांगता येणार नाही. ताम्हिणीची ती गाडी आठवते का, विचारलं. म्हणाला, हो, वायपर बंद होता. मग थोडं थांबून म्हणाला, "दुसऱ्यांदा उतरलो तेव्हाच माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता रे. पुढचं सगळं मी अनवाणीच पळत होतो." चपलेचं त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणी त्याच्या पायाकडे बघितलंही नव्हतं.