सवड कोणाची?

लघुनिबंध हा मराठीतला सवडीचा वाङ्मयप्रकार. ना. सी. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’नंतर कित्येकांनी त्यात निवांतपणाचे गोडवे गायले. वर्गात तो शिकवताना मला प्रश्न पडतो : हा निवांतपणा येतो कोठून? लेखकाच्या वृत्तीतून, असे प्रस्थापित समीक्षा सांगते. मला हे मान्य नाही. ज्याला सवड असते, त्याची कामे दुसरा कोणीतरी उपसत असतो.

महारवतन हा त्याचा रोकडा पुरावा. वतनदार महाराला कामाचे तास नव्हते. सांगावा पोचवणे, सारावसुलीसाठी हाका घालणे, मेलेले ढोर ओढणे. रात्री-अपरात्री बोलावणे आले की उठायचे. तो घरी नसला तर घरच्या दुसऱ्या माणसाने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक मांडले. वतन नाहीसे व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. वतनाने जमिनीचा तुकडा दिला आणि माणसाचा अख्खा दिवस घेतला.

१९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु दि अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिकित्सा करताना हाच प्रश्न मुळाशी धरला आहे. माणसाला पशूहून वेगळे करते ती संस्कृती. संस्कृतीला सवड हवी. आणि ती सर्वांना मिळायची तर यंत्र हवे. यंत्रामुळे हाल होत असतील तर दोष समाजरचनेचा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले, ते याच विचाराला धरून होते. तेव्हा दलित लेखकाला ‘जरा निवांतपणे, अलिप्तपणे लिहा’ असा उपदेश करणाऱ्या समीक्षकांनी आधी या तासांचा हिशेब द्यावा.

पण हा हिशेब आपल्यालाही चुकलेला नाही. बेबी कांबळे फलटणला दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. ज्या घरात चळवळ पोचली होती, त्याच घरात बाईला लिहिण्यासाठी वेळ चोरावा लागत होता.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. प्राध्यापकीने मला मोकळी दुपार दिली. हा लेख मी तशाच दुपारी लिहितो आहे, आणि आत मोरीत भांडी घासल्याचा आवाज येतो आहे. फडक्यांच्या पिढीला विचारलेला प्रश्न मला आधी माझ्याच घरात विचारायला हवा.