नांदगावचं ताडाचं घर

ताडाचं खोड आतून भुसभुशीत असतं. त्याची सगळी ताकद बाहेरच्या कड्यात, काळ्या चिवट तंतूंनी ठासून भरलेल्या लाकडात. हे लाकूड रंध्याला दाद देत नाही, म्हणून श्रीमंत घरांत ते सहसा वाशांच्या पुढे येत नाही. नांदगावात मात्र ते दर्शनी भिंतीवर आलं आहे. अलिबागच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या नारळाच्या वाडीत बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘पामायरा हाउस’च्या वरच्या भिंती म्हणजे याच कडेच्या लाकडाच्या, हाताने घडवलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या आहेत. वारा आत येतो, ऊन चिरून येतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. जाडजूड भिंत, खिडकी, गज, पडदा या सगळ्यांचं काम एका पट्टीच्या तिरपेपणाने केलं आहे. या घराची श्रीमंती मला इथे दिसते.

मुंबईच्या गजबजाटातून सुटीला येणाऱ्या कुटुंबाचं हे घर आहे सुमारे ३,००० चौरस फुटांचं. हल्लीच्या बंगल्यांच्या मानाने लहानच. त्यातही ते एकसंध नाही. माडांच्या मधून दोन लांबट लाकडी इमारती एकमेकींपासून जराशा सरकून उभ्या आहेत आणि मधे पोहण्याचा तलाव आहे. एकीत बैठक, अभ्यासिका आणि मुख्य शयनगृह. दुसरीत स्वयंपाकघर, जेवणघर, पाहुण्यांच्या खोल्या. नकाशा वाचताना मी या फटीपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. जेवायला जायचं तर आभाळाखालून जावं लागतं. पावसाळ्यात ही गैरसोय आहेच, पण ती काढून टाकली असती तर उरलं असतं ते वाडीकडे पाठ केलेलं एक मोठं घर. ही फट माडांना, वाऱ्याला आणि माणसांच्या येण्याजाण्याला घरात हक्काची जागा देते.

सिल्व्हासाजवळच्या खडोलीसारख्या गावात हा नकाशा उलगडून बसलं की तो अधिक जवळचा वाटतो. समुद्र दूर, पण पाऊस तसाच धो धो, आणि उन्हाळा त्याहून कडक. इथल्या वारली घरांनी कारवीचा कूड उभारून, त्यावर माती-शेणाचं लिंपण करून याच हवेला उत्तर दिलं. आपल्या भागात ऐसपैस घर बांधणारा मात्र पहिल्यांदा वातानुकूलनाचा हिशेब करतो आणि मग त्याच्याभोवती काच लावतो. नांदगावात क्रम उलटा आहे: आधी सावली, मग वारा, मग भिंत.

आणि ती सावली धरणारा सांगाडा आहे ऐनाचा. आपल्याही रानात सागाच्या सोबतीने उभा असणारा, पण सागाचा मान न मिळालेला ऐन. खाचेत कुसू बसवून त्याचे सांधे जुळवले आहेत. जोती आणि पायवाटा काळ्या दगडाच्या, गिलाव्यात जागेवरचीच वाळू मिसळून आणलेला रंग, आत गुळगुळीत कोबा. जैन यांच्या स्टुडिओत सुतार नुसते हुकूम पाळत नाहीत. रेखाटनं आणि नमुने करत रचनेच्या विचारात भाग घेतात. एवढा वेळ आणि एवढे कसबी हात फक्त धनिकालाच परवडतात, हे मला खुपतं. तरी तो पैसा आयात संगमरवरात न जाता सुताराच्या दिवसांत गेला, याचं मोल मी कमी मानणार नाही. आगाखान वास्तुपुरस्काराच्या २०१०च्या अंतिम यादीपर्यंत हे घर पोचलं, त्यात त्या हातांचा वाटा मोठा आहे.

फोटोंत सहसा झिलमिल्याच मिरवतात. मला तितकंच आवडतं ते पाणी. वाडीत तीन विहिरी आहेत. त्यांचं पाणी गाळून मनोऱ्यावरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते केवळ उताराने घरात येतं. जोत्यांवर उभ्या असलेल्या दोन्ही इमारतींच्या भोवती विहिरी आणि पाट यांचं जाळं आहे. कोकणातली बागायत याच दोन गोष्टींवर जगते, आणि इथे घरही त्याच शिंपणाच्या व्यवस्थेत, माडांच्या रांगेत बसवलं आहे.