किलबिल कुणाच्या अंगणात?

लहानपणी टीव्हीवर काय पाहायचो, हा विषय निघाला की मराठी माणूस हळवा होतो. दिवाळी अंकात, लग्नघरी, एसटीच्या लांब प्रवासात हा विषय येतोच आणि ठरलेल्या नावांवर जाऊन थांबतो: ‘किलबिल’, ‘गोट्या’, ‘बालचित्रवाणी’, मोगली. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात बसून ही यादी वाचताना दोन गोष्टी खटकतात. एक तर यातलं पहिलं नाव आमच्याकडच्या त्या पिढीनं पाहिलेलंच नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यातलं काहीही शाळेत जाण्याआधीच्या मुलासाठी मुद्दाम केलेलं नव्हतं. तीन-चार वर्षांच्या लेकरासमोर बसून त्याच्याशी बोलणारा मराठी कार्यक्रम, ही कलाच आपल्याकडे रुजली नाही. ज्याच्या आठवणी आपण काढतो, ते थोरल्या भावंडांसाठी वाढलेलं ताट होतं. त्यांच्या मांडीवर बसून आपण त्यातले दोन घास खाल्ले.

आधी भूगोल बघू, कारण आठवणींनाही भूगोल असतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि पुण्याला चित्र मिळालं. मुलांसाठी मराठीत ‘किलबिल’, हिंदीत ‘खेल खिलौने’, इंग्रजीत ‘मॅजिक लॅम्प’ आणि गुजरातीत ‘संताकूकडी’ असे कार्यक्रम या एकाच केंद्रावरून होत. मुंबईच्या चाळीत चार भाषांचं बालपण एका पडद्यावर येत होतं. त्याच काळात मराठवाड्यात पडदाच नव्हता. १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा सरकारचा ‘साइट’ प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं त्यासाठी निवडली गेली. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता, कर्नाटक होतं. १९५६ पर्यंत आमच्याच हैदराबाद राज्यात असलेल्या गुलबर्गा आणि रायचूरच्या खेड्यांत मुलं सकाळी शाळेत टीव्ही पाहू लागली आणि आम्ही कोरडेच राहिलो. गंमत अशी की त्या मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम ‘इस्रो’च्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत.

आमच्याकडे टीव्ही आला तो १९८४ च्या आसपास देशभर उभारलेल्या लहान शक्तीच्या प्रक्षेपकांमुळे. हे प्रक्षेपक प्रामुख्यानं दिल्लीचं चित्र पुढे ढकलत. एक जण माळवदावर अँटेना फिरवतोय, एक जण अंगणातून ओरडतोय, आणि आत पडद्यावर नुसत्या मुंग्या. ते चित्र कधी स्थिर झालंच तर त्यातून हिंदी ऐकू यायची. हिंगोली-परभणीकडच्या लेकरांची टीव्हीशी पहिली ओळख हिंदीतून झाली, याला कुणाची आवडनिवड कारणीभूत नाही. सोय तेवढीच होती.

त्या हिंदीतून आलेलं सर्वांत चांगलं काम मात्र बरंचसं मराठी हातांनी केलेलं होतं. ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा जेमतेम सात मिनिटांचा चलत्पट. त्याच्यामागे विजया मुळे होत्या, संगीत वसंत देसाईंचं होतं आणि त्यातल्या लहान आवाजांत साधना सरगम यांचा आवाज होता. चलत्चित्रण भीमसैन यांचं. आज तो पुन्हा पाहिला तरी त्याची बांधणी पक्की वाटते. धाकटा विचारतो, थोरली सांगते. सांगितलेलं लगेच डोळ्यांसमोर घडतं, मग तीच गोष्ट दुसऱ्या वस्तूवर पुन्हा घडते. जाळ्यासकट उडणारी पाखरं पंचतंत्रातली आहेत, पण ती आधी एकेक करून दिसतात आणि मग थवा होतो. लहान मुलाचं डोकं याच क्रमानं चालतं, आधी एक वस्तू, मग पुष्कळ, मग त्यांचं नाव. माझ्या मते शाळापूर्व वयाला कळेल अशी भारतीय दूरदर्शनवरची ही सर्वांत नेटकी कलाकृती आहे. ती मराठीत मात्र झाली नाही.

मराठीत झाली ती ‘बालचित्रवाणी’. राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था या जड नावाखाली जानेवारी १९८४ मध्ये पुण्यात ती सुरू झाली आणि इन्सॅट उपग्रहाच्या शैक्षणिक प्रक्षेपणात मराठी मुलांसाठी कार्यक्रम करू लागली. तिची शीर्षकधून ऐकली की आजही चाळिशीतली माणसं हातातलं काम थांबवतात. या धुनेच्या प्रेमापोटी कार्यक्रमांचं मूल्यमापन करायचं आपण टाळतो. गाणी होती, बाहुल्या होत्या, प्रयोग होते, गावाकडचे चेहरे होते. शहराबाहेरचं मूल पडद्यावर आणण्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. खासगी वाहिन्यांना ते पुढे कधी साधलं नाही. पण इन्सॅटच्या योजनेनं वयोगटच ठरवून दिले होते: पाच ते आठ आणि नऊ ते अकरा. योजना प्राथमिक शाळेसाठी होती, त्यामुळे कार्यक्रमाचा सूर बहुतेक वेळा गुरुजींचाच राहिला. प्रश्न विचारायचा आणि मुलानं तोंड उघडायच्या आत उत्तर द्यायचं. पाठ संपवण्याची घाई कॅमेऱ्यालाही लागली होती. शाळांना मिळालेल्या टीव्ही संचांपैकी किती संच कपाटात कुलूपबंद राहिले, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा. अनुदानाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला आणि २०१७ मध्ये संस्था बंद पडली. तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो. पण ती चालू असताना तिचे कार्यक्रम आपण घरी किती पाहिले आणि त्यांच्याविषयी कुणी किती लिहिलं? मराठीत चित्रपटाची, नाटकाची समीक्षा रोज होते. मुलांच्या टीव्हीची समीक्षा हा प्रकारच नाही.

‘गोट्या’बद्दल थोडक्यात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या राजदत्त यांनी पडद्यावर आणला, अशोक पत्कींच्या चालीवर त्याचं शीर्षकगीत घराघरांत गेलं आणि जॉय घाणेकर हा चेहरा महाराष्ट्राचा झाला. मालिका गोड होती. पण ती मुलाविषयी होती, आणि तिचं खरं गिऱ्हाईक घरातली मोठी माणसं होती. डोळे त्यांचेच भरून यायचे.

बाहुल्यांचं काय झालं, ते जास्त बोलकं आहे. लहान मुलाला माणसापेक्षा बाहुली लवकर आपली वाटते, हे सगळ्या जगाच्या टीव्हीला माहीत आहे. आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर समाजाची कळसूत्री परंपरा आहे, रामदास पाध्यांसारखा शब्दभ्रमकार आहे. पाध्यांच्या बाहुल्यांतले अर्धवटराव मोठ्यांना हसवत राहिले, चित्रपटातल्या तात्या विंचूनं १९९३ साली मुलांना घाबरवलं, आणि लेकरांना सर्वांत पाठ झालेला त्यांचा बाहुला म्हणजे लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा. ज्या ससोबाला रोज पंधरा मिनिटं द्यायला हवी होती, त्याला आपण पापड विकायला बसवलं. ते काम त्यानं चोख केलं, हा भाग वेगळा.

मोगलीची तर कथाच न्यारी. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधलं ते जंगल म्हणजे शिवनी-पेंचचा टापू, ज्याचा एक भाग आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. तिथला मोगली जपानी चित्रकारांनी रंगवला, १९९३ च्या सुमारास तो हिंदी बोलत दूरदर्शनवर आला, आणि शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. म्हणजे वाघ मराठी आणि भाषा हिंदी. रविवारी सकाळी वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची, एवढी त्याची ओढ. या ओढीला मी नावं ठेवणार नाही. पण अडीच-तीन वर्षांचं पोर त्यात नेमकं काय पाहत होतं? धावणं, गुरगुरणं आणि गाणं. गोष्ट त्याच्या डोक्यावरून जात होती.

खासगी मराठी वाहिन्या आल्यावर मुलांना पडदा मिळाला, पण गायला आणि नाचायला. २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’नं कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही नावं घराघरांत नेली. ती मुलं गुणी होती यात वाद नाही. मात्र त्या पाचांकडे पाहणारे डोळे आईबाबांचे होते. टीव्हीवर मूल असणं आणि मुलासाठी टीव्ही असणं यातला फरक मराठी वाहिन्यांनी कधी मनावर घेतला नाही. दक्षिणेत पाहा. सन समूहानं तमिळमध्ये ‘चुट्टी’, तेलुगूत ‘खुशी’, कन्नडमध्ये ‘चिंटू’ आणि मल्याळममध्ये ‘कोच्चू’ अशा मुलांच्या वाहिन्या काढल्या. आमच्याकडे ‘पोगो’ आणि ‘हंगामा’चं हिंदी आलं, आणि डोरेमॉन पाहिलेलं पोर आजीला हिंदीत पाणी मागू लागलं. २०२१ मध्ये ‘ईटीव्ही बाल भारत’ आलं. बारा भाषांत एक मराठी, आणि वाहिनी हैदराबादची. शब्द मराठी झाले, घर मराठी झालं नाही.

आज सेनगावच्या आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईच्या मांडीवरचं लेकरू मोबाइलवर मराठी बालगीत पाहत असतं. एवढी पोच दूरदर्शनच्या कुठल्या अधिकाऱ्यानं स्वप्नातही पाहिली नसेल. ‘जिंगल टून्स’सारखे थेट मराठीत काम करणारे आहेत, बंगळुरूच्या ‘इन्फोबेल्स’चं मराठी खातं आहे, चेन्नईत २०१३ साली सुरू झालेल्या ‘चूचू टीव्ही’चा ठसा सगळ्यांवरच आहे. यातलं बरंचसं काम एका साच्याचं. एकच चित्रफीत भाषा बदलून फिरते. गाल चकचकीत, डोळे बशीएवढे, अंगणात हिरवळ, गाय फ्रेमच्या बाहेर कधी शेण टाकत नाही. आवाज एकाच पट्टीत आणि मध्ये कुठे श्वास नाही. एक गाणं संपलं की क्षणही न जाता दुसरं. मूल खिळून राहतं, आणि खिळून राहणं म्हणजेच आवडणं अशी आपण समजूत करून घेतली आहे.

या कलेचा खरा कस इथेच लागतो. १९६९ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ आलं, त्याच्या तयारीत एक साधी चाचणी होती. मुलासमोर कार्यक्रम लावायचा आणि बाजूला एक प्रोजेक्टर ठेवायचा, जो दर साडेसात सेकंदांनी नवं चित्र दाखवतो. मुलाची मान कधी वळते ते टिपायचं आणि तो भाग पुन्हा बांधायचा. बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र आणू नयेत, असं तज्ज्ञांनी बजावलं होतं; पण रस्त्यावरच्या नुसत्या माणसांच्या प्रसंगांत मुलांचं लक्ष उडतं असं दिसलं, आणि तिथे बाहुल्या आणल्या गेल्या. पुढे १९९६ च्या ‘ब्लूज क्लूज’नं आणखी धाडस केलं. एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवायचा आणि निवेदकानं प्रश्न विचारून चक्क गप्प बसायचं, मूल उत्तर देईपर्यंत.

हे वाचताना मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला हसू येईल. चिऊकाऊच्या गोष्टीत दुसरं काय असतं? भिजलेला कावळा दार वाजवतो आणि चिऊ प्रत्येक वेळी बाळाचं नवं काम सांगून त्याला थांबवते. मुलाला पुढचं कारण आधीच ठाऊक असतं, म्हणून तर आजी तिथे थांबते आणि ते त्याच्याकडून वदवून घेते. तीच गोष्ट रोज, त्याच शब्दांत. एखादं काम गाळलं तर मूलच चूक काढतं. पुनरावृत्ती, अपेक्षा आणि ऐकणाऱ्याला बोलण्याची जागा, हे तिन्ही मराठी घरात आयतं होतं. शिक्षणातही होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बिया, शंख, पानं यांतून लहान मुलांचं शिक्षण उभं केलं. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. अंगणवाडी हा शब्द देशाला तिथूनच मिळाला. कोसबाडपासून दूरदर्शनचा वरळीचा मनोरा काही तासांच्या अंतरावर, तरी त्या शिक्षणाचा सूर मराठी टीव्हीच्या कानावर पडला नाही. २००६ साली ‘सेसमी स्ट्रीट’चा भारतीय अवतार ‘गली गली सिम सिम’ आला तेव्हा शाळेच्या गणवेशातली बाहुली चमकी हिंदीत बोलत आली. तिनं मुलाला बोलतं करण्याची रीत दाखवली, पण मराठीत तिची बहीण कुणी जन्माला घातली नाही.

अलीकडचा एक अपवाद सांगायला हवा. टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ आली. बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली असूनही तिच्यात फळा नव्हता. घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन मुलांनी करून पाहायचं होतं. गावातलं नेटवर्क डुगडुगत असताना अँटेनावरचं सह्याद्री बऱ्याच घरांत दिसलं. मला ती मालिका ‘बालचित्रवाणी’पेक्षा सरस वाटली, कारण तिला मुलाच्या हातांवर भरवसा होता. इयत्ता मात्र पहिली ते आठवी. अंगणवाडीचं दार बंद होतं आणि आतल्या वयाच्या मुलांसाठी टीव्हीवर याही वेळी काही नव्हतं.

तसा कार्यक्रम करायचाच तर त्याची भाषा कोणती, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. आमच्याकडचं तीन वर्षांचं लेकरू ‘कामून?’ विचारतं, ‘माय’ म्हणतं. रिसोडकडे गेलं की वऱ्हाडी कानावर येते, जिंतूरकडे गेलं की बोलीचा सूर पुन्हा बदलतो. पडद्यावरची ताई त्याला ‘का बरं?’ असं पुण्याच्या वळणानं विचारते तेव्हा ते तिच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहतं. लहान मूल प्रमाण भाषा शिकतं, शिकावीही. पण आधी कुणीतरी त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलायला लागतं. पंधरा मिनिटं, एक गोष्ट, एक बाहुला, तोच भाग सलग पाच दिवस, आणि निवेदिका परभणी किंवा हिंगोलीकडची. एवढं करायला सह्याद्रीला नवा मनोरा लागणार नाही. अडचण आहे ती प्रश्न विचारून चार सेकंद गप्प राहण्याची, कारण आपल्या टीव्हीवर चार सेकंदांची शांतता पसरली की नियंत्रण कक्षातला माणूस तांत्रिक बिघाड समजून पाटी लावतो.