शेवटचा डोस

मी लिहिलेली एकुलती एक रहस्यकथा एका प्रश्नात कोसळली. कथेत सर्व्हरच्या लॉगमधली वेळ खुनाच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून खुनी सुटतो. खरं तर लॉग यूटीसीमध्ये असतो आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. हे इन्स्पेक्टरला शेवटच्या पानावर सुचतं. टीममधल्या मैत्रिणीने वाचून विचारलं, "त्यांच्या आयटीवाल्याने हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं नसतं का?" माझी माहिती बरोबर होती, तरी कथा खोटी पडली.

नंतर अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी पुन्हा वाचायला घेतली, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', १९२० सालची. (पुढे रहस्य फुटणार आहे. शंभर वर्षं होऊन गेली, आता मला दोष देऊ नका.)

पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई टॉर्की गावात रेड क्रॉसच्या इस्पितळात काम करत होत्या, आधी नर्स म्हणून आणि मग औषधं तयार करण्याच्या विभागात. स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांतलं विष, तेव्हा अगदी थोड्या प्रमाणात टॉनिकमध्ये घालत. अशा टॉनिकमध्ये ब्रोमाइड मिसळलं की स्ट्रिक्नीनचे स्फटिक होऊन तळाशी बसतात. रोजच्या डोसांनी काही होत नाही, पण विष शेवटच्या डोसात एकवटतं. खुन्याने त्या रात्री घरात असायचीही गरज नाही.

पण या रसायनापेक्षा मला आवडली ती त्याची कादंबरीतली जागा. मृत्यूच्या चौकशीत टॉनिकचा विषय निघतो. औषध बनवणाऱ्याची चूक असेल का? मोलकरीण सांगते, बाटली नवी नव्हती, बाईसाहेबांनी त्याच दिवशी शेवटचा डोस घेतला. झालं, टॉनिकवरचा संशय संपला. इतके दिवस त्याच बाटलीतून औषध घेतलं आणि काही झालं नाही, म्हणजे दोष बाटलीत नसणार. आम्ही ऑफिसात रोज हेच करतो. तीन आठवडे नीट चाललेल्या कोडकडे कुणी बघत नाही, बग दुसरीकडेच शोधत बसतो. ज्या वाक्याने संशय मिटला, उत्तर त्याच वाक्यात होतं. ख्रिस्तीबाईंना औषधांची माहिती होती म्हणूनच हे वाक्य त्यांना इतक्या बिनधास्तपणे उघड्यावर ठेवता आलं.

तक्रारही आहे. ब्रोमाइडने काय होतं ते प्वारो अगदी शेवटी, औषधशास्त्राच्या पुस्तकातून वाचून दाखवतो. ज्याला रसायन येत नाही त्याला हे आधी ओळखता येणार नाही. शिवाय सगळी योजना बाटली कुणी हलवू नये यावर उभी आहे. 'हलवून घ्या' ही सूचना पाळणारं एखादं माणूस घरात असतं तर खून फसला असता.

तरी मी माफ करतो, कारण पुस्तक मिटल्यावर सगळं तपासून बघता येतं. कॉनन डॉयलच्या 'स्पेकल्ड बँड'चं (१८९२) तसं होत नाही. शिळेवर परत येणारा, घंटेच्या दोरीवरून चढउतार करणारा, बशीभर दुधाची सवय लावलेला भारतातला साप! नागपंचमी आली की साप दूध पीत नाही हे सर्पमित्र दरवर्षी सांगतात. डॉयलची स्वतःची ही सर्वांत आवडती होम्सकथा. सातवीत ती वाचून मीही दिवा चालू ठेवून झोपलो होतो. वातावरणनिर्मितीसाठी ठेवलेली चुकीची बशी मी सोडून दिली असती. पण इथे ती बशी पुरावा आहे, होम्स तिच्यावरून तर्क करतो. एकदा चूक कळली की दुसऱ्या वाचनात होम्सचीच कीव येते. 'स्टाइल्स' मात्र दुसऱ्यांदा जास्त रंगली.

माझ्या कथेत आता लॉग पहिल्याच पानावर, भारतीय वेळेत करून, इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवलाय. साडेपाच तासांचं कोडं गेलं. खुनी सुटणार कसा, ते अजून सापडलेलं नाही.